बाबांचा रूट, माझी सायकल

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर कुठल्याही ऑफिसात एकच प्रश्न फिरत असतो. ‘वीकएंडला काय?’ उत्तरंही ठरलेली असतात. लोणावळा, महाबळेश्वर, कुणाचं तरी फार्महाऊस, नाहीच काही जमलं तर मॉल. आणि प्रत्येक ऑफिसात एक तरी प्राणी असा असतोच, ज्याने नुकतीच पन्नास-साठ हजारांची सायकल घेतलेली असते आणि जो लडाखशिवाय दुसरं काही बोलत नाही.

त्या सगळ्यांना माझा एक फुकटचा सल्ला आहे, बॉस. लडाख कुठे पळून जात नाही. तोवर महाराष्ट्राच्या नकाशावर बोट उजवीकडे वर न्या. अकोला, अमरावती आणि त्यांच्या डोक्यावर सातपुडा. खाली काळी माती, वर काळा दगड, मध्ये घाट. तिथे परतवाड्याहून धारणीकडे जाणारा एक डांबरी रस्ता आहे. हा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. तो माझ्या बाबांचा रस्ता आहे.

म्हणजे मालकीचा नाही हो! बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं याच घाटात गेली. २०१७ साली ते रिटायर झाले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांना काचबिंदू असल्याचं निघालं. हा आजार मोतीबिंदूसारखा नाही. ऑपरेशन केलं, पट्टी काढली आणि दिसायला लागलं, असं यात होत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा होते, कडेची नजर आधी जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून उरलेली सांभाळायची, एवढंच हातात असतं. बाबांना समोरचं दिसतं, पण एखाद्या नळीतून पाहावं तसं. आरशात पाहून गाडी हाकणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून आरसेच गेले.

त्यांनी स्कूटरची चावी स्वतःहून भावाच्या हातात दिली, काही न बोलता. मग बाकीचंही बोलणं कमी होत गेलं. अकोल्यातल्या घरी पुढच्या खोलीतली एक खुर्ची, रेडिओ आणि ते. मी पुण्यात फ्रीलान्स पत्रकारिता करते. रोज फोन व्हायचा. ‘जेवली का?’ ‘हो.’ ‘थेंब टाकले का?’ ‘हो.’ संपला फोन. गेल्या हिवाळ्यात मी लॅपटॉप उचलला आणि काही महिन्यांसाठी अकोल्याला आले. तरी संवाद तेवढाच. फरक इतकाच, की आता फोनचं बिल वाचत होतं!

मग एका रविवारी जेवताना मी सहज म्हटलं, “बाबा, मी सायकलनं चिखलदऱ्याला जाणार आहे. तिथून सेमाडोहला.”

बाबांचा घास हातातच राहिला. “कोन्त्या रस्त्यानं?” ते म्हणाले.

कित्येक महिन्यांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

एसटी बंद हाय काय?

सोबतीला मावसभाऊ होता. हा हिंजवडीतल्या आयटी कंपनीत टीम लीडर. त्याने दोनदा २०० किलोमीटरची बीआरएम पूर्ण केलीय. बीआरएम म्हणजे रेस नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, बस्स. पण त्या मेडलनंतर दादाच्या बोलण्यात कॅडन्स, वॉट आणि हार्ट रेट झोन याशिवाय काही उरलेलं नाही. त्याच्या हँडलवर इतकी यंत्रं आहेत, की विमान उडवता येईल. माझ्याकडे एक साधी हायब्रिड सायकल, २८ चं मागचं मोठं चक्र आणि बाबांनी तोंडी सांगितलेला रस्ता.

डिसेंबरातल्या एका पहाटे अकोला सोडलं. म्हैसांग, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट, परतवाडा. दिवसभरात शंभराच्या वर किलोमीटर, आणि जवळपास सगळं सपाट. दादा म्हणाला, “बोअरिंग स्ट्रेच.” मला तो रस्ता अजिबात बोअरिंग वाटला नाही.

दर्यापूरच्या आधी आपण पूर्णा नदी ओलांडतो. पुलावर पाच मिनिटं थांबा. दोन्ही काठांना काळी जमीन चिरत गेलेली दिसते. घळीच्या पोटात घळ, तिच्या पोटात अजून एक. पावसाच्या पाण्याने माती खरवडत नेलेली आणि मध्येच एखादी बाभूळ मुळं उघडी टाकून लटकलेली. भूगोलाच्या पुस्तकात याला उत्खातभूमी म्हणतात आणि आपण चंबळचे फोटो पाहून ‘वॉव’ म्हणतो. त्याचं हे घरचं, लहान रूप आहे.

हा सगळा टापू म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून झालेल्या खोऱ्यात नद्यांनी आणलेला गाळ थरावर थर साचत गेला आणि त्यातल्या क्षारांनी जमिनीखालचं पाणी खारं करून टाकलं. वरून पाहाल तर कापूस, तूर, हरभरा, सगळं हिरवंगार. पण शेतात बोअर मारलं तर जे पाणी लागतं ते ना पिकाला चालतं ना माणसाला. आपल्याकडे पाणी म्हणजे वीस रुपयांची बाटली. इथे पाणी कुठलं प्यायचं, याची अक्कल लहानपणापासून शिकावी लागते.

बाबांनी निघताना एवढंच बजावलं होतं. “बाटल्या भरून घेय. मधात कुठी हापशीचं पानी पिऊ नको.”

दर्यापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्या काकांनी आमची हेल्मेटं, चष्मे आणि दादाची चकचकीत टाइट चड्डी शांतपणे न्याहाळली.

“कुठून येऊन राह्यले?”

“अकोल्याहून.”

“सायकलनं?” ते क्षणभर थांबले. “काऊन बाप्पा, एसटी बंद हाय काय?”

दादाला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर हार्ट रेट झोनमध्ये याचं उत्तर बसतच नाही. शेजारी बसलेल्या आजींना वेगळीच काळजी. “अन् पोरगी कोनाची हाय वं माय तू?” मी बाबांचं नाव सांगितलं नाही, नुसतं ‘परतवाडा-धारणीवर एसटी ड्रायव्हर होते’ म्हटलं. आजींनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. एकटी-दुकटी मुलगी सायकलवर पाहून या पट्ट्यात लोक बघतात, खूप बघतात. पण विचारपूसही तितकीच करतात. पुण्यातल्या सिग्नलवर मला इतक्या काळजीने कुणी कधी पाहिलेलं नाही.

अंजनगावच्या आसपास चित्र बदलतं. केळीच्या बागा, पानमळे आणि पुढे परतवाड्याच्या बाजूला संत्री. पाणी गोड झालं की जमीन लगेच सांगते. याच तालुक्यातल्या शेंडगावचा गाडगेबाबांचा जन्म, १८७६ चा. आणि याच अंजनगावात ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. शाळेत ‘सुर्जी-अंजनगावचा तह’ एका मार्कासाठी पाठ केलेला असतो. सायकलवरून त्याच्या बाजारपेठेतून जाताना तो मार्क एकदम वसूल झाला.

पयल्या तीन वळणाईत जीव घालू नको

परतवाड्याला मुक्काम. माझं लहानपण या गावात गेलंय. रात्री बाबांचा फोन आला. त्यांनी केला, मी नाही! आणि मग त्यांनी जे सुरू केलं, ते मी वहीत उतरवून घेतलं.

“धामणगाव गढीपासून चढ लागते. पयल्या तीन वळणाईत जीव घालू नको. सगळे नवीन डायवर थितंच गाडी तापवतात. चौथ्यानंतर रस्ता जरा नरम होते. मंग उजव्या हाताले मोहाचं मोठ्ठं झाड हाय. थे दिसलं का समज, दम घ्याले जागा हाय.”

मी दादाला ते वाचून दाखवलं. त्याने मोबाइलवर ग्रेडियंटचा आलेख उघडला आणि दोन मिनिटं गप्प झाला. पहिला भाग सगळ्यात तीव्र, मग उतार सौम्य. आलेखही बाबांचंच सांगत होता, फक्त मोहाचं झाड त्यात नव्हतं.

परतवाडा समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. म्हणजे सातशे मीटर वर चढायचं. ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सिंहगड पायथ्यापासून चढा, वर पोचलात की अजून थोडं चढा. फंडा सोपा आहे. सगळ्यात हलका गिअर, नजर पुढच्या दहा फुटांवर, श्वास नाकातून जमेल तोवर. आणि ईर्षा घरी ठेवून यायची. माझ्या शेजारून दुधाचे कॅन लावलेला एक गवळी दादा मोटारसायकलवरून गेला आणि ‘धक्का देऊ का?’ म्हणाला. मी नको म्हटलं. हे नको म्हणणं पुढच्या वळणावर फार महाग वाटलं!

या डोंगरांवर माझ्याआधी बऱ्याच लोकांचा घाम निघालाय. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. वेलस्लीच्या फौजेतल्या कर्नल स्टीव्हन्सनच्या सैनिकांनी त्याआधी जड तोफा डोंगरातून ओढत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या होत्या. रस्ता नव्हताच. ते रस्ता करत होते आणि तोफा ओढत होते. तोफ ओढणाऱ्या त्या बिचाऱ्या हिंदुस्थानी शिपायांना कुणी मेडल दिलं असेल की नाही, कोण जाणे. माझ्या सायकलचं वजन तेरा किलो. तक्रार करायला जागाच उरली नाही.

तीन वळणं. चौथं. रस्ता नरम झाला, अगदी बाबांनी सांगितला तसा. उजव्या हाताला पाहिलं.

झाड नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक रुंद खुंट होता. त्याच्या कडेने कोवळे फुटवे आलेले. आम्ही तिथेच बसलो. दम घ्यायची जागा तीच होती.

मोथा गाव आलं की चढ संपत आल्याचं कळतं. गवळ्यांची वस्ती, म्हशी, आणि हल्ली स्ट्रॉबेरीची शेतंसुद्धा. गाविलगडाच्या नावातच गवळी आहेत. चिखलदऱ्याचं नाव मात्र लोक कीचकाशी जोडतात. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा. वर पोचल्यावर आम्ही रबडी खाल्ली. किती, ते विचारू नका. दादाच्या घड्याळानुसार आम्ही ती कमावली होती.

वाघ, अस्वल आणि एक घुबड

आता मुद्द्याचं. ‘वाघांच्या जंगलातून सायकल? वेड लागलंय का?’ हा प्रश्न मला पुण्यातल्या प्रत्येक मित्राने विचारला. एका संपादकांनी तर ‘मेळघाट? मग कुपोषणावर स्टोरी कर ना’ असंही सुचवलं. मेळघाट म्हटलं की शहराला दोनच गोष्टी आठवतात, वाघ आणि कुपोषण. दोन्ही खऱ्या आहेत. नव्वदच्या दशकापासून इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या येताहेत, आणि बैरागडला राहून तिथेच दवाखाना चालवणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, तीही याच कामासाठी. पण दोन शब्दांत मावावा एवढा मेळघाट छोटा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. गुगामळ राष्ट्रीय उद्यान हा मेळघाटचा गाभा. साधारण ३६१ चौरस किलोमीटर, १९८७ साली वेगळं केलेलं. त्याच्या आत सायकल घेऊन शिरायचं नसतं, आणि ते बरोबरच आहे. आत जायचं तर वनविभागाच्या सफारीने. आपला रस्ता म्हणजे गाड्यांना मोकळा असलेला परतवाडा-धारणी मार्ग. पण तोही जातो व्याघ्र प्रकल्पातूनच. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ चा. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून काम केलं ते जंगल हेच.

चिखलदऱ्याहून घटांगला उतरलो आणि धारणी रस्त्याला लागलो. इथे बाबांचा एक नियम कामी आला नाही. ते म्हणाले होते, “चढताना जो गिअर, उतरताना थोच गिअर.” बसला इंजिनाचा ब्रेक असतो. सायकलचं चाक उतारावर मोकळं फिरतं, गिअर कुठलाही असो. मी त्यांना फोनवर हे सांगितलं होतं, तेव्हा ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, “मंग तुहे ब्रेक तापतीन. दाबून धरू नको. दाबाचा, सोडाचा. दाबाचा, सोडाचा.” जगातला कुठलाही सायकलिंग कोच हेच सांगेल. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि खालून चढणाऱ्या गाडीला आधी रस्ता द्यायचा.

हा घाट थट्टेवारी न्यायचा नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सेमाडोहजवळ एक खासगी बस पुलावरून खाली कोसळली आणि काहींचे जीव गेले. बसमध्ये बरेच शिक्षक होते, आपापल्या शाळांकडे निघालेले. त्या दिवशी बाबांनी रेडिओ बंद केला होता, एवढं मला आईने सांगितलेलं आठवतं.

खाली उतरताना दोन्ही बाजूंना साग आणि सागच. डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागलेली. सायकलवर जंगल ऐकू येतं, हा यातला सगळ्यात मोठा फायदा. जिप्सीत इंजिन असतं, कारमध्ये काच असते. सायकलवर माकडांचा कॉल, पानांवरून काहीतरी घसरत गेल्याचा आवाज, लांबवर नदी, सगळं थेट कानात. एका वळणावर रानगवा उभा होता. रस्त्यापासून तीसेक फुटांवर, चक्क पायमोजे घातल्यासारखे पांढरे पाय. आम्ही थांबलो. तो थांबलेलाच होता. मागून आलेल्या जीपवाल्याने हळू होऊन आम्हाला आडोसा दिला आणि आम्ही तिच्या बाजूने पुढे सरकलो. दादाचा हार्ट रेट त्या दिवशी सगळ्यात जास्त तिथे नोंदला गेला, बसलेल्या जागी!

वाघ दिसला नाही. स्थानिक लोकांना विचाराल तर ते वाघापेक्षा अस्वलाला जास्त घाबरतात. मला मात्र पाहायचा होता रानपिंगळा. हे एवढंसं घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलंच नव्हतं. जग त्याला नामशेष समजून बसलं होतं. मग १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रॅसमुसेन आणि बेन किंग यांना ते शहाद्याजवळ सापडलं. तब्बल ११३ वर्षांनी! त्यानंतर शोध सुरू झाला आणि मेळघाटातही ते निघालं. म्हणजे ते सगळी वर्षं इथेच होतं. कुणी नीट पाहिलं नव्हतं, एवढंच. मलाही ते दिसलं नाही, पण ही गोष्ट मनात राहिली.

गाव उठतं, रस्ता राहतो

सेमाडोहला सिपना नदी आहे. सिपना हा कोरकू शब्द, अर्थ साग. कोरकू ही भाषा मराठी-हिंदीच्या घराण्यातली नाही आणि शेजारच्या गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडातल्या संथाली आणि मुंडारीची नातेवाईक. एवढ्या पश्चिमेला त्या कुळातलं दुसरं कुणी नाही. बाबांना कोरकू थोडीफार येते. इतकी वर्षं त्या बायका-माणसांना चढवायचं, उतरवायचं, कुणाची कोंबडी सांभाळायची, कुणाचा निरोप पुढच्या गावी द्यायचा, तर येणारच.

जेवताना हॉटेलवाल्या पोराशी गप्पा झाल्या. त्याच्या नात्यातले लोक अकोटकडे राहायला गेलेत. ‘गेलेत’ म्हणजे हलवले गेलेत. वाघाला मोकळं जंगल हवं म्हणून मेळघाटातली गावं बाहेर वसवण्याचं काम बरीच वर्षं सुरू आहे. बोरी, कोहा आणि कुंड ही त्यातली सुरुवातीची गावं, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अकोटच्या बाजूला नेलेली. पुढे २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपयांची योजना आली, २०२१ मध्ये ती रक्कम १५ लाख झाली. काहींना शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आला. काहींचं म्हणणं, कबूल केलेलं मिळालं नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित लोक परत जंगलात शिरले आणि वनविभाग-पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला, कित्येक जण जखमी झाले.

तिकडे अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वेचंही हेच. धुळघाटला ती गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पार जायची. अकोटपर्यंत आता ब्रॉडगेज झालीय, पण जंगलातल्या तुकड्यावरून गाडी २०१७ साली बंद झाली. रूळ जंगलातून न्यायचे की बाहेरून, यावर वाद झाले. वाघाच्या बाजूने बोलणारे चूक नाहीत. धारणीच्या पोराला अकोल्याला लवकर पोचायचं असेल, तर तोही चूक नाही.

मी सायकल चालवत होते तो रस्ताही जंगल कापूनच झालाय. आम्ही वीकएंडला दोन तास मजा करून जाणार, आणि ज्याचं गाव इथे होतं तो अकोटहून पाहुणा म्हणून येणार. मी हे त्या पोराला म्हटलं. त्याने खांदे उडवले. “तुमी निदान हॉर्न तं नाई वाजवत,” तो म्हणाला. माझ्या समाधानासाठी म्हणाला असेल. पण परत येताना पूर्ण घाटात मी घंटीसुद्धा वाजवली नाही.

सेमाडोहहून पुन्हा घटांग, मग बिहाली, मग परतवाडा. त्या दिवशीचं अंतर नव्वद-शंभर किलोमीटर भरलं असेल. सूर्य मावळायच्या आत जंगलाबाहेर पडायचं, हा माझा आणि बाबांचा करार होता. पंधरा मिनिटं राखून आम्ही तो पाळला.

फुल तिकीट

अकोल्याला आल्यावर बाबांनी मला बसवलं आणि पूर्ण रस्ता वदवून घेतला. अक्षरशः वळणावळणाने. गढीच्या पुढची दुकानं, मोथ्याचा फाटा, घटांगचा उतार, सेमाडोहचा पूल. मी चुकले की थांबवायचे. “नाई, थो पूल थ्याच्या आंधी येते.” मी जे पाहून आले होते, ते त्यांना न पाहता पाठ होतं. डांबर नवीन झालंय, कठडे लागलेत, अमुक ठिकाणी मोबाइलचा टॉवर आलाय, हे मी सांगायचं. मग ते डोळे मिटून तेवढी दुरुस्ती आपल्या रस्त्यात करून घ्यायचे.

मोहाच्या झाडाशी आल्यावर मी थांबले. सांगावं की नाही? सांगितलं. “झाड नाही राहिलं बाबा. खुंट आहे. फुटवे आलेत त्याला.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग आता डायवरं दम कुठी घेतात?”

“तिथंच,” मी म्हटलं. “आम्ही तिथंच घेतला.”

तेव्हा ते हसले. त्या संध्याकाळी त्यांनी त्यांच्या जुन्या कंडक्टर मित्राला फोन लावला आणि अर्धा तास मोहाच्या झाडावर चर्चा केली. आई स्वयंपाकघरातून मला खुणेने विचारत होती, ‘काय झालं यांना?’

चार दिवसांनी चहा पिताना ते म्हणाले, “सकाळच्या धारणी गाडीत समोरची सीट भेटते. लवकर गेलं तं.”

म्हणून पुढच्या महिन्यात आम्ही जातोय. एसटीने. मी समोर बसून रस्ता वाचणार, ते बाजूला बसून दुरुस्त करणार. बाबांची पासष्टी उलटलीय, त्यामुळे त्यांना अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं, म्हणजे मलाही. “दोघाईचं मिळून एक फुल,” बाबा म्हणाले, “कंडक्टरले हिशोब सोपा.”

पुण्यातल्या फ्लॅटचं डिपॉझिट अजून तिकडेच अडकलंय. घरमालकांचा दोनदा फोन येऊन गेला. त्यांना मी मार्चनंतर सांगते म्हटलंय. आधी घाट होऊ दे.

जाताय? मग हे वाचून जा

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात चिखलदरा देखणा असतो, पण धुकं आणि ओला घाट सायकलला बरा नाही. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडात सायकल चालवायची कल्पना कुणी दिली, तर त्याच्याशी मैत्री तोडा.

कसं : अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, वलगाव-आसेगाव मार्गे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. अकोल्याचा रस्ता लांब आहे, सपाटीची सवय असेल तरच घ्या.

सायकल : रोड बाइक चालेल, पण टायर २८ मिलिमीटर किंवा जाड. ब्रेक पॅड निघण्याआधी तपासा. एक जादा ट्यूब, पंप, आणि पंक्चर काढायची अक्कल. मधल्या टप्प्यात मदत लांब आहे.

पाणी : खारपाणपट्ट्यात घरून किंवा गावातल्या दुकानातून भरून घ्या. माणशी दोन लिटर.

जंगलात : गाणी नाहीत, स्पीकर नाही, कचरा नाही, माकडांना बिस्किटं नाहीत. जनावर दिसलं तर थांबा, उतरू नका, सेल्फीसाठी तर मुळीच नाही. नेटवर्क मधून मधून जातं, म्हणून घरी वेळ सांगून ठेवा. अंधाराआधी बाहेर पडा.

आणि एक शेवटचं. आई-बाबांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर भावंडांना आणि मुलांनाही त्याचा धोका जास्त असतो. सुरुवातीला काहीच दुखत नाही, काही जाणवत नाही. डोळ्यांचं प्रेशर आणि नस तपासायला डॉक्टरांना फार वेळ लागत नाही. मी तपासून आले. माझं सध्या नॉर्मल आहे. सायकलच्या सर्व्हिसिंगला जाल, तेव्हा वाटेत हेही उरकून टाका.